गोड वासाचा गांजा सौम्य असतो?

‘ब्लूबेरी’ हा गांजाचा प्रसिद्ध संकरित वाण. अमेरिकेत डीजे शॉर्ट या पैदासकाराने 1970 च्या दशकात थाई आणि अफगाण वाणांच्या संकरातून तो घडवायला सुरुवात केली. यात ब्लूबेरीच्या झुडपाचा काडीइतकाही संबंध नाही. नाव पडलं ते वासामुळे. कळी चुरगळली की पिकल्या बेरीसारखा गोडसर वास येतो. थंडीत पानं-कळ्या जांभळट होतात, आणि मग नावावर शिक्कामोर्तबच!

अशा वासावरून होणारी समजूत अशी, की फळांचा वास म्हणजे हलकी नशा. हे साफ चूक. नशा आणतो तो टीएचसी हा गांजातला रासायनिक घटक, आणि त्याला स्वतःला वासच नसतो. वास येतो टर्पीन आणि एस्टर ही वनस्पतींतली सुगंधी संयुगं आणि अत्यल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त संयुगांमुळे. उष्णकटिबंधीय फळांची आठवण करून देणारा गंध तर बराचसा या गंधकाच्याच संयुगांचा. टर्पीन हवेत भराभर उडतात, टीएचसी मात्र मागे राहतो. म्हणजे जुन्या, वास गेलेल्या मालातही जोर असू शकतो, आणि घमघमणारा माल जहालही निघू शकतो.

गांजाच्या झाडांचे इंडिका आणि सॅटिवा असे दोन प्रकार मानतात. ‘इंडिका म्हणजे झोप, सॅटिवा म्हणजे तरतरी’ ही वाटणीही तशीच ठिसूळ. 1785 मध्ये लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने इंडिका हे नाव भारतातून आलेल्या झाडांना दिलं होतं, झोपेला नव्हे. शिवाय आज विकले जाणारे बहुतेक वाण सरमिसळच आहेत.

आणि हो, वास कुठलाही असो, आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याला तो सगळा गांजाच.