सुट्टीतला सहकुटुंब सिनेमा

सणावाराला किंवा लांब सुट्टीत नातेवाइकांकडे जमलेल्या मंडळींनी मिळून चित्रपटगृहात जाण्याचा प्रघात. यात चित्रपट दुय्यम असतो. पहिल्या दिवशी गप्पा रंगतात, तिसऱ्या दिवसापर्यंत विषय संपतात किंवा नको त्या विषयावर गाडी येते. सगळ्यांनी एकत्र बसायचे आणि तरीही दोन-अडीच तास कुणी कुणाशी बोलायचे नाही, ही सोय चित्रपटगृहाइतकी दुसरीकडे क्वचितच मिळते.

चित्रपट बहुमताने ठरतो असे वाटते. प्रत्यक्षात निकाल घरातले सर्वांत लहान मूल लावते. प्रमाणपत्रांच्या पद्धतीही हेच गृहीत धरतात. अमेरिकेत १९६८ साली वयानुसार वर्गवारी सुरू झाली आणि १९८४ मध्ये तीत ‘पीजी-१३’ची, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणाऱ्या वर्गाची भर पडली. भारतात ‘यूए’, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याच्या चित्रपटाचे प्रमाणपत्र १९८३ पासून आहे. २०२४ मध्ये त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले. भिन्न वयांची चुलत-मावस भावंडे एकाच रांगेत बसणार असली, की ही अक्षरे नीट वाचली जातात. एखाद्याने तो सिनेमा आधीच पाहिलेला असतो. तो बहुधा गप्प राहतो आणि पुन्हा पाहतो.

तिकीट कोणी काढायचे यावरून खिडकीपाशी होणारी ओढाताण ऑनलाइन बुकिंगने थांबवली, एवढेच. आता ‘पैसे पाठवू का’ आणि ‘राहू दे रे’ हे घरी चालते. सलग आठ खुर्च्या सुट्टीत मिळत नाहीत. मग कुटुंबाची फाळणी होते, सारखे उठावे लागणाऱ्या आजोबांना कडेची जागा दिली जाते आणि तान्हे रडू लागले की त्याला बाहेर घेऊन जाणारी व्यक्ती चित्रपटाचा शेवट इतरांकडून ऐकते.

चित्रपटव्यवसायाने ही सवय फार पूर्वी हेरली. भारतात दिवाळी आणि ईद, इजिप्त व इंडोनेशियात ईद, अमेरिकेत नाताळ हे मोठ्या चित्रपटांचे मुहूर्त. जपानमध्ये ‘ओतोको वा त्सुराई यो’ या मालिकेचे १९६९ ते १९९५ दरम्यान ४८ चित्रपट आले. बराच काळ वर्षाला दोन ठरलेले असत: एक ऑगस्टमधल्या बोन या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या सुमारास आणि दुसरा नववर्षाच्या तोंडावर. नायक तोरासान हा फिरता विक्रेता. तो अधूनमधून घरी येतो, भांडतो आणि पुन्हा निघून जातो. सुट्टीला घरी आलेल्या प्रेक्षकांना याहून ओळखीची गोष्ट कोणती दाखवणार?

ही सवय किती पक्की आहे ते चीनमध्ये दिसले. करोनाच्या साथीमुळे वसंतोत्सवासाठी, म्हणजे चिनी नववर्षाच्या सुट्टीसाठी ठरलेले मोठे चित्रपट २३ जानेवारी २०२० रोजी मागे घेतले गेले. त्यांपैकी आई-मुलाच्या रेल्वेप्रवासावरचा ‘लॉस्ट इन रशिया’ दोनच दिवसांनी, नववर्षाच्या दिवशी, इंटरनेटवर मोफत दाखवण्यात आला. चित्रपटगृहांच्या मालकांनी याला कडाडून विरोध केला. घरबसल्या सिनेमाची चटक लागली तर प्रेक्षक परततील का, ही त्यांची धास्ती होती. प्रेक्षक परतले. २९ जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा नववर्षाच्याच दिवशी आलेल्या ‘नेझा २’ने ॲनिमेशनपटांच्या कमाईचा जागतिक विक्रम मोडला. त्यातली पुराणकथा आजी-आजोबांना ठाऊक होती आणि चित्रे नातवंडांना हवी तशी होती.