बारा आणि पाच, एकशे पंचवीस

चोपड्याकडे केळीची गाडी भरताना मामा एवढंच विचारतात, "कितला घड?" कुणी "बारा" म्हणतं, कुणी "पाच", आणि मामा मनातल्या मनात सतरा धरतात. त्यांच्या हिशेबासाठी मी जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटं पान लिहून दिलं. घरच्या मळ्यातले ठरलेले ५ घड प्रोग्रॅममध्येच लिहिले, बाकीचा आकडा मामांनी चौकटीत भरायचा. त्यांनी १२ भरले आणि बेरीज आली १२५!

चौकटीत टाइप केलेलं सगळं संगणकाकडे मजकूर म्हणून पोचतं. जावास्क्रिप्टमध्ये अधिकची खूण बेरीजही करते आणि मजकूरही जोडते. एका बाजूला मजकूर दिसला की ती दुसऱ्या बाजूच्या संख्येलाही मजकूरच मानते. गंमत म्हणजे, वजाबाकी केली असती तर ७ हे बरोबर उत्तर आलं असतं.

पायथन ही दुसरी भाषा इथे सरळ नकार देते, पण प्रोग्रॅम चालू असताना, त्या ओळीवर पोचल्यावर. म्हणजे गाडी भरून झाल्यावर! जावा (नाव सारखं, पण जावास्क्रिप्टहून वेगळी भाषा) आधीच अडवते. जोडून १२५ करायला तिचीही हरकत नसते, पण तो मजकूर संख्येच्या जागी ठेवायला गेलात तर कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम चालण्याआधी तपासून संगणकाच्या भाषेत आणणारा, तो चालूच होऊ देत नाही.

यावरून कॉलेजातली मुलं एक निष्कर्ष काढतात: जावा कडक, म्हणून लांबलचक, पायथन सैल, म्हणून आटोपशीर. मला हे पटत नाही. पायथनमध्ये एका ओळीत होणाऱ्या 'नमस्कार'साठी जावात वर्षानुवर्षं 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन'ची पूजा मांडावी लागे, हे खरं. पण ती लांबी बरीचशी त्या भाषेच्या रचनेची आहे, कडकपणाची नाही. रॉबिन मिलनर यांनी १९७०च्या दशकात एडिंबरोत घडवलेली एमएल ही भाषा जावाइतकीच कडक, पण प्रत्येक ठिकाणी प्रकार (संख्या की मजकूर) लिहायला लावत नाही. अमुक नावाला ५ ने गुणलंय म्हणजे ती संख्याच असणार, हे कंपायलर स्वतः ताडतो. जावानेही २०१८ मध्ये प्रकाराऐवजी लिहायचा 'व्हार' हा शब्द आणून यातलं थोडं उचललं. उलट पायथनमध्ये २०१५ पासून हवे तिथे प्रकार लिहून ठेवता येतात.

तरी एक फट उरतेच. घड ही संख्या आणि फण्या हीसुद्धा संख्याच. मामा घडांत फण्या मिळवणार नाहीत, जावा खुशाल मिळवेल. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळाकडे निघालेलं यान असंच हातचं गेलं: एका बाजूचे आकडे पौंडांत, दुसरी बाजू ते न्यूटनमध्ये समजून चालली. एफ-शार्पसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत संख्येला एकक चिकटवता येतं; मग अशी सरमिसळ कंपायलरच पकडतो.

मामांच्या पानासाठी एवढा थाट नको वाटला. मजकुराची संख्या करणारा 'नंबर' हा एक शब्द घातला आणि १७ आले. मामा अजूनही आधी मनात मोजतात, मग फोन बघतात.