पान्हा फुटतो तिथून सुरू झालेली गोष्ट

तान्हं बाळ रडलं की आईला पान्हा फुटतो, आणि कधी कधी शेजारचं बाळ रडताना ऐकलं तरी फुटतो, हे घरातल्या कुठल्याही आजीला विचारा. हे घडवतं ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन. माणसातली दया, नीती, दुसऱ्याचं दुखणं बघून पोटात कालवणं, याचं मूळ शोधत गेलं तर धागा इथेच येऊन पोचतो असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं, आणि मला ते मनापासून पटतं.

वेळासच्या किनाऱ्यावर कासवीण वाळूत अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते, पिल्लं आपली आपण पाण्याकडे धावतात. सस्तन प्राण्यांना हे जमणारच नाही, कारण पिल्लू दुधावर जगतं. त्यामुळे जो मेंदू आधी फक्त स्वतःची भूक आणि स्वतःची भीती बघायचा, त्याला आता दुसऱ्या एका जिवाची भूक पण आपलीच वाटायला लागली. खरा बदल हाच.

1979 साली अमेरिकेत पेडरसन आणि प्रांज या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला. पिल्लं न झालेली मादी एरवी पिल्लांपासून लांबच राहते, कधी चावते पण. अशा माद्यांना आधी इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन देऊन मग मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं, तर बऱ्याच जणी दोनेक तासात परक्या पिल्लांना चाटायला, तोंडात धरून घरट्यात आणायला लागल्या. परक्या पिल्लांना!

पण उंदीर काही नीतिमान नाहीत, मग माणसात वेगळं काय झालं? आपलं बाळ जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या 30 टक्क्यांपेक्षाही लहान असतो, चिंपांझीचा साधारण 40 टक्के. इतकं परावलंबी लेकरू एकट्या आईच्याने वाढवणं होत नाही. सारा हर्डी या मानवशास्त्रज्ञ बाई 1970च्या दशकात राजस्थानात अबूच्या डोंगरावर लंगूर माकडांचा अभ्यास करत होत्या, नर पिल्लांना मारून टाकतात ते त्यांनी तिथे जवळून अभ्यासलं, आणि पुढे त्यांनीच मांडलं की माणूस माणूस झाला तो मिळून पोरं वाढवल्यामुळे. चिंपांझीची आई पहिले काही महिने बाळाला दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नाही. उलट काँगोच्या इतुरी जंगलातल्या एफे लोकांत चार महिन्यांचं बाळ दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ आईशिवाय दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगाखांद्यावर असतं. मग कोण मायेचं, कोणाचा भरवसा धरावा, हे ओळखणारी बाळं जास्त जगली असणार, आणि तीच मोठी होऊन एकमेकांची मनं वाचत राहिली.

आणि हे फक्त बायकांपुरतं नाही बरं का. फिलिपिन्समधल्या सेबू इथे 600 हून जास्त पुरुषांना काही वर्षं तपासलं, तर बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, उतरलेलं निघालं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त पोराला सांभाळायचे त्यांचं आणखी कमी.

अर्थात या मायेला दुसरी बाजू पण आहे: पिल्लाला चाटणारी तीच उंदराची मादी घरट्याजवळ परका नर आला की त्याच्या अंगावर धावून जाते, आणि त्यातही ऑक्सिटोसिनचा हात असतोच.