आठवीतलं गाणं पुसत का नाही?

माझा नवा फोन नंबर सांगताना मी अजून अडखळतो. पण आठवीत पाठ झालेल्या एका फालतू गाण्याचं दुसरं कडवं झोपेतून उठवलं तरी म्हणेन. त्यातला एक शब्द तेव्हा चुकीचा ऐकला होता, तो आजही चुकीचाच तोंडात येतो. गाणं तेव्हाही बरं नव्हतं. म्हणून ‘आमच्या वेळची गाणीच भारी’ म्हणणाऱ्यांपुढे मी गप्प बसतो.

याचं एक उत्तर मेंदूतल्या डोपामिनमध्ये आहे. त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, पण ते अर्धवट आहे; ते आनंदाआधीच्या ओढीचंही आहे. २०११ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात सालिमपूर, झाटोरे आणि सहकाऱ्यांनी लोकांना अंगावर काटा आणणारं, त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवत मेंदूचे पेट स्कॅन घेतले, म्हणजे टोचलेलं किरणोत्सारी द्रव्य कुठे साठतं ते दाखवणारी चित्रं. आधी टोचलं होतं किरणोत्सारी कार्बन जोडलेलं रॅक्लोप्राइड. हे द्रव्य डोपामिनच्याच ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या डोपामिन चिकटायच्या जागांवर, जाऊन बसतं. खरं डोपामिन सुटलं की जागेसाठी रेटारेटी होते, रॅक्लोप्राइड कमी चिकटतं आणि स्कॅनवर तिथला संकेत फिका पडतो. थोडक्यात, फिकं पडलं तिथे डोपामिन वाढलं! पेट स्कॅनला सेकंदांचा हिशेब जमत नाही, तो एफएमआरआयने, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कधी कामाला लागतो ते दाखवणाऱ्या स्कॅनने, लावला. काटा आला त्या क्षणी मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेतला, म्हणजे सुखाची दखल घेणाऱ्या जाळ्यातला, न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स जागा झाला होता. त्याच्या काही सेकंद आधी, ‘आता ती जागा येणार’ या ओढीत, कॉडेट नावाचा भाग.

पण ओढ लागायला पुढे काय येणार ते ठाऊक हवं, म्हणजे गाणं घोटलेलं हवं. तेरा-चौदाव्या वर्षी आपण एकच गाणं शंभरदा ऐकतो, तेही अशा काळात, जेव्हा मेंदूची ही बक्षीस-यंत्रणा जोरात असते आणि लगाम धरणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. शिवाय डोपामिन हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींच्या भागात आठवण पक्की करायला हातभार लावतं.

यावरून मुलांना मोझार्ट ऐकवून हुशार करायला मात्र निघू नका. मोझार्ट ऐकून बुद्धी वाढते हा समज ज्यावरून पसरला, तो १९९३ चा गाजलेला प्रयोग ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम जेमतेम पंधरा मिनिटं टिकला. बाळांचा त्यात संबंधच नव्हता.

२०१३ मध्ये क्रमहान्सल आणि झुपनिक या संशोधकांना मात्र एक भलतीच गोष्ट दिसली: विशीतल्या मुलांना आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही जवळची वाटत होती. परवा माझी मुलगी कपाट आवरताना तेच फालतू कडवं गुणगुणत होती. माझ्या चुकीच्या शब्दासकट.