आधी निस्तार, मग लिलाव: विदर्भातल्या दगडखदानी आणि आदिवासी ग्रामसभा

आदिवासी गावाला सोबत घेऊन, गाव उद्ध्वस्त न करता दगडाची खदान चालवता येईल का, हा प्रश्न विदर्भात विचारायचा तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. इथल्या दगडावर गावाचा हक्क होता आणि तो सरकारी कागदावर नोंदलेलाही होता. त्यामुळे भागीदारीची बोलणी सुरू करताना गावाला काहीतरी नव्याने दिलं जातंय, असं कोणी मानू नये.

विदर्भात दगड सगळीकडे सारखा नाही. पश्चिमेकडे, अमरावती-अकोल्यापासून यवतमाळच्या बऱ्याच भागापर्यंत, ज्वालामुखीतून आलेला काळा दगड आहे. पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्यात त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट आणि नाइस जातीचा खडक लागतो. चंद्रपूरकडे वाळूचा खडक, तर वणी, कोरपना, राजुरा भागात चुनखडी. माणसाने हा दगड फार पूर्वीपासून वापरला. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं आणि चिमूर तालुक्यातल्या हिरापूरची महापाषाणी दफनस्थळं लोहयुगाच्या काळात नेतात. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांनी बांधला तो तिथल्याच वाळूच्या खडकात. भामरागडच्या बाजूला माडिया आदिवासींच्या गावांत मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी दगड उभा करतात. म्हणजे दगडाशी या लोकांचं नातं फक्त पोटापुरतं नाही. एखादी टेकडी देवाची असते, एखादा दगड पूर्वजाचा असतो. खदानीचा नकाशा बाहेरून आखून आणला की सगळ्यात आधी हेच सुटतं.

आता हक्काचं. इंग्रजांनी 1860 च्या दशकातल्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात मध्य प्रांतात मालगुजारांना गावांची मालकी दिली. नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा (आताचं चंद्रपूर) हे जिल्हे त्यात आले. वऱ्हाडात मात्र मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची पद्धत, राहिली. मालगुजार गावाचा मालक झाला तरी रयतेच्या रोजच्या गरजा तोडता येत नव्हत्या. सरपण, चराई, घराला लागणारं लाकूड, माती, मुरूम, दगड हे सगळं निस्तारात, म्हणजे रोजच्या गरजेपुरत्या गावाच्या हक्कात, मोडायचं आणि गावाच्या चालीरीती वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात उतरवल्या जायच्या. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, पण निस्तार टिकला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 161 निस्तार पत्रकाबद्दल आहे. त्या पत्रकात काय असावं, हे कलम 162 सांगतं: चराई, लाकूड, सरपण, आणि त्याच्या जोडीला मुरूम, कंकर, वाळू, माती, दगड व इतर गौण खनिजं गावातल्या रहिवाशाला कोणत्या अटींवर आणि किती मिळतील. ग्रामसभांच्या कार्यकर्त्यांनी ही दोन कलमं पाठ करून ठेवावीत, असं मला मनापासून वाटतं.

त्याच संहितेचं कलम 48 मात्र खनिजांवरचा हक्क सरकारचा म्हणतं. त्याआधी 1957 च्या खाण आणि खनिज कायद्याने इमारतीचा दगड, खडी, साधी चिकणमाती, साधी वाळू यांना गौण खनिजांत टाकलं आणि कलम 15 ने त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. घराच्या पायापुरता दगड निस्तारात राहिला, पण विकायचा दगड हा तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा विषय झाला. रॉयल्टी, खाणपट्टा, लिलाव, वाहतूक परवाना ही सगळी भाषा तिथून आली. गावकऱ्याला त्यातला जो शब्द सगळ्यात आधी कळला तो दंड. परवानगीशिवाय ट्रॉली भरली तर कलम 48 च्या पोटकलम 7 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

जंगलातल्या दगडाची गोष्ट आणखी अवघड आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात जंगलात सापडणारा खडक आणि खनिजंही वनोपज धरली आहेत. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर वनजमिनीवर खदान उघडायला केंद्राची पूर्वपरवानगी लागू लागली. गावालगतच्या खडकाळ, झुडपी जमिनींबद्दल वर्षानुवर्षं वाद होता. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातलं झुडपी जंगल हे वनच धरायचं, असं सांगितलं. जिथे गाव पूर्वी सहज दगड उचलायचं त्यातली बरीचशी जमीन अशा रीतीने वनकायद्याखाली आली.

या कहाणीत आणखी एक समाज आहे आणि त्याला विसरून चालणार नाही. दगड फोडण्याचं कसब विदर्भात मुख्यतः वडारांचं. तेलुगू मुलखातून आलेला, महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोजला जाणारा हा समाज. घण, पहार, छन्नी आणि सुतकी घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं खदानीवर राहायची. दगडाच्या अंगावरची रेघ ओळखायची, त्या रेघेवर ओळीने भोकं पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या आणि शिळा हवी तिथे फाडायची, ही विद्या त्यांच्या हातात होती. पाटे-वरवंटे आणि जाती आठवडी बाजारात पोचायची ती यांच्याकडूनच. क्रशर आला आणि घणाची मजुरी गेली. तेव्हा गोंड किंवा कोलाम गावाशी भागीदारी करताना त्याच खदानीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या वडार कुटुंबाला हुसकावून लावलं, तर तो न्याय म्हणता येणार नाही. जागा एकाची आणि कसब दुसऱ्याचं, तर करारात दोघंही हवेत.

गिट्टीची भूक कशी वाढत गेली ते नागपूरच्या गिट्टीखदान या वस्तीच्या नावातच दिसतं. 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली, रुळांखाली गिट्टी लागली. शहर वाढलं तशा खदानी वाढल्या. पुढे धरणं आणि कालवे आले. 2000 पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, 2009 पासून नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठीचा रस्ते कार्यक्रम आणि अलीकडे 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. रस्ते गडचिरोलीलाही हवेत. पावसाळ्यात नाल्यापलीकडे अडकलेल्या बाळंतिणीच्या घरी जाऊन रस्ता नको म्हणून कोणी सांगू शकणार नाही. पण रस्त्याला दगड लागतो, लांबून आणला की वाहतुकीचा खर्च चढतो, म्हणून कंत्राटदार कामाजवळची टेकडी बघतो. रस्ता पुढे सरकतो आणि खड्डा गावाला राहतो.

कायद्याने वळण घेतलं ते 1996 मध्ये. पंचायत राजची 73 वी घटनादुरुस्ती अनुसूचित क्षेत्रांना, म्हणजे घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांना, आपोआप लागू नव्हती. दिलीपसिंह भुरिया समितीने 1995 मध्ये अहवाल दिला आणि 24 डिसेंबर 1996 रोजी या क्षेत्रांना पंचायत राज लागू करणारा पेसा कायदा आला. त्याच्या कलम 4 मधले (के) आणि (एल) हे खंड थेट गौण खनिजांबद्दल आहेत. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी किंवा लिलाव करण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस सक्तीची. विदर्भात गडचिरोलीचा मोठा भाग, मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा, शिवाय यवतमाळ आणि चंद्रपूरमधली काही गावं यात येतात. मोठ्या खनिजांना हे खंड लागू नाहीत, म्हणून गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोहखाणीचा वाद वेगळ्या कायद्यांच्या आधारे चालला. दगडाच्या बाबतीत मात्र गावाच्या हातात एक खरी किल्ली आली. कमजोरी तिच्यातल्या ‘किंवा’मध्ये आहे. ग्रामसभेऐवजी वरच्या पंचायतीचं पत्र घेऊन काम भागवायची वाट तो उघडी ठेवतो.

महाराष्ट्राने पेसाचे नियम केले ते 4 मार्च 2014 रोजी. म्हणजे कायद्यानंतर सतरा वर्षं लोटली. पण त्या नियमांनी एक मोठी सोय केली. गटग्रामपंचायतीतला छोटा टोला किंवा कोलामांचा पोडही ठरलेली रीत पूर्ण करून स्वतःला गाव म्हणून घोषित करू शकतो आणि त्याची स्वतंत्र ग्रामसभा होते. ज्याच्या अंगणाला लागून सुरुंग उडणार त्या वीस-पंचवीस घरांचा आवाज एरवी चार गावांच्या गर्दीत विरून जायचा.

समता या संस्थेच्या प्रकरणातला 11 जुलै 1997 चा निकाल या चर्चेत नेहमी येतो. आंध्रातल्या तेव्हाच्या विशाखापट्टणम जिल्ह्यातल्या बोर्रा परिसरातून ते प्रकरण उभं राहिलं. अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनही बिगर-आदिवासी खाजगी कंपनीला खाणीसाठी पट्ट्याने देता येणार नाही, मात्र सरकारी महामंडळ किंवा आदिवासींची सहकारी संस्था खाण चालवू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. निव्वळ नफ्याचा किमान 20 टक्के भाग लोकांच्या विकासाला काढून ठेवावा, असंही सांगितलं. निकालाचा पाया आंध्रच्या स्वतःच्या विनियमात असल्याने तो महाराष्ट्राला जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्याकडे आदिवासीची शेतजमीन बिगर-आदिवासीच्या हातात जाण्यावर महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36अ ची बंधनं आहेत. तरी आदिवासींची स्वतःची संस्था खाणपट्टा घेऊ शकते, हा विचार देशासमोर ठळकपणे आला तो समता निकालाने.

मग 2006 चा वनहक्क कायदा आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने 2012 मध्ये हक्क मिळाल्यावर बांबूचा धंदा स्वतः चालवला, आणि तेंदू तोडताना झाडांची हानी होते म्हणून ते उत्पन्न आपणहून सोडून दिलं. समोरचा पैसा गाव स्वतः नाकारू शकतं, याचं मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. पण या कायद्यातलं गौण वनोपज वनस्पतीपासून मिळणाऱ्या वस्तूंपुरतंच आहे. बांबू त्यात येतो, दगड येत नाही. वनखात्याच्या जुन्या कायद्यात दगड वनोपज आहे आणि गावाच्या हक्काच्या नव्या कायद्यातल्या गौण वनोपजात तो नाही.

आणि बांबूचा अनुभव दगडाला तसाच लावताही येत नाही. बांबू तोडला तरी रांजी, म्हणजे त्याचं बेट, पुन्हा फुटते. टेकडी फोडली की संपली. त्यामुळे नफ्यातला वाटा किती टक्के, हा प्रश्न माझ्या लेखी दुसरा आहे. एकूण किती दगड काढायचा आणि कुठे थांबायचं, हे ठरवायचा अधिकार गावाकडे आहे का, हा पहिला. तो नसेल तर गाव भागीदार नाही, मजूर पुरवणारं ठिकाण आहे.

किती काढला, हे गावाला स्वतः मोजता येतं. खदानीचा हिशेब ब्रासमध्ये चालतो आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच भरलेली ट्रॉली म्हणजे एक ब्रास. आता खड्ड्याकडे वळू. साठ फूट लांब, पन्नास फूट रुंद आणि दहा फूट खोल खड्डा म्हणजे 30,000 घनफूट, म्हणजे 300 ब्रास अखंड दगड. फुटलेला दगड मोकळा होऊन साधारण दीडपट जागा व्यापतो, म्हणून गाडीत भरताना तोच माल 450 ब्रासच्या आसपास भरतो. परवाने 200 ब्रासचे दाखवले असतील तर बाकीचा माल कुठे गेला, हे विचारायला इंजिनिअर लागत नाही. सरकारही खदानींची मोजणी ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्राने करून घेतं. बचत गटाच्या दोन बाया आणि शाळा शिकलेली दोन पोरं दर महिन्याला टेप लावून नोंदवहीत आकडा लिहू शकतात, आणि करारात त्या नोंदवहीला मान असायला हवा.

पर्यावरणाचा चाप उशिरा लागला. 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपककुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. त्याआधी मोठ्या क्षेत्राचे तुकडे पाडून मंजुरी टाळणं सोपं होतं. महाराष्ट्राचे गौण खनिज नियम 2013 मध्ये आले. मंजुरीच्या कागदावर धुळीवर पाणी मारणं, झाडं लावणं अशा अटी असतात. गावाच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या गावालाच माहीत असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल झाडाखाली पडतं आणि बाया पहाटेपासून ते वेचतात. तेव्हा शेजारी क्रशर चालला तर फुलावर चुरी बसते आणि मालाचा भाव पडतो. म्हणून मोहाच्या हंगामात क्रशर बंद, विहिरीपासून आणि देवाच्या जागेपासून किती अंतरावर सुरुंग नको, घराला तडा गेला तर भरपाई किती दिवसांत, हे ठराव करतानाच लिहून घ्यावं लागतं. कामगाराच्या छातीचंही तसंच. दगडाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो, झालेला बरा होत नाही. ओल्यावर ड्रिलिंग आणि वेळोवेळी छातीची तपासणी याला पर्याय नाही.

सहकारी संस्थेचं नाव पुढे करून मागे भलताच माणूस बसण्याचा धोकाही खरा आहे. सिरोंचाच्या पलीकडे, तेलंगणात, अनुसूचित क्षेत्रातली वाळू काढायचं काम आदिवासींच्या संस्थांकडे दिलं जातं. कागद संस्थेचा, पण यंत्रं, भांडवल आणि हिशेब बाहेरच्या ठेकेदाराचा, अशा तक्रारी तिथून वारंवार आल्या. पोकलेन आणि क्रशर घ्यायला लागणारं भांडवल गावाकडे नसतं, म्हणून हे घडतं. यंत्र भाड्याने घ्यावं आणि विक्रीची पावती ग्रामसभेच्याच खात्यावर फाडावी, हा बांबू आणि तेंदूच्या व्यवहारातून ग्रामसभांनी शिकलेला मार्ग इथेही उपयोगी पडेल.

1957 च्या खाण कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणबाधित लोकांसाठीचा निधी सांभाळणारी संस्था, आलं. कलम 9ब म्हणतं की त्याचे नियम करताना राज्याने पाचवी अनुसूची, पेसा आणि वनहक्क कायदा डोळ्यांसमोर ठेवावा. गौण खनिजांसाठीही राज्य प्रतिष्ठानाकडे रक्कम भरायला लावू शकतं. पैसा मात्र जिल्ह्याला जमा होतो आणि खड्डा टोल्याच्या शेजारी असतो. खदान बंद झाल्यावर त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं. कडा पायऱ्यांसारख्या कापून उतरत्या ठेवल्या तर गुरं पाण्याला उतरू शकतात, मासे सोडता येतात, शेताला पंप लागतो. सरळ कडा सोडल्या तर पोरं बुडतात. पायऱ्या कापायचं काम यंत्र खदानीत असतानाच करावं लागतं. त्यासाठीची अनामत ग्रामसभेच्या सहीशिवाय परत मिळणार नाही, आणि त्या पाण्यावर, मासळीवर हक्क कोणाचा, या दोन गोष्टी पहिला सुरुंग लावण्याआधी करारात उतरवून घ्यायच्या आहेत.