नाकाची तक्रार असते, पण उपचार नाकावर नसतो

नवरात्र जवळ आली की बडोद्यात गरब्याच्या पासांसोबत अजून एक धंदा जोरात चालतो, नाक, जॉलाइन, स्किन ग्लो, "प्री-नवरात्री पॅकेज". यंदा दांडिया बाजारात रिक्षाच्या मागेपण हे पोस्टर दिसलं. हौसेने कोणी फेशियल केलं तर माझं काही म्हणणं नाही, पण साधारण ५० जणांत एकाला असा आजार असतो की त्याला कुठलंच पॅकेज पुरत नाही. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे बीडीडी. इतरांना न दिसणारा किंवा जेमतेम दिसणारा दोष त्या माणसाला रोज तासन् तास छळतो. मुलींनाच होतो असंही नाही, बॉडी बनत नाही म्हणून जिममध्ये झिजणारी पोरंही यात येतात. आणि सगळं खापर सेल्फीवर फोडू नका, इटलीच्या एन्रिको मोर्सेली या डॉक्टरने १८९१ मध्येच याचं वर्णन केलंय.

आता खरी मजा. चेहरा बघताना आपण नाक, डोळे, ओठ सुटे सुटे बघत नाही, सगळं एका दमात वाचतो. म्हणूनच फोटो उलटा धरला की ओळखीचा माणूससुद्धा चटकन ओळखू येत नाही, कारण तिथे मेंदूला तुकड्यातुकड्याने जावं लागतं. बीडीडीवाल्यांना उलट्या फोटोने तेवढा फरक पडत नाही, बहुतेक सरळ चेहराही ते तुकड्यांतच बघतात! २००७ मध्ये कॅलिफोर्नियात मानसोपचारतज्ज्ञ जेमी फ्यूस्नरच्या टीमने एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारा स्कॅन) बीडीडी असलेल्या आणि नसलेल्या लोकांना चेहरे दाखवले, काही नेहमीचे, काही फक्त बारकावे ठेवलेले (हाय स्पेशियल फ्रिक्वेन्सी), काही बारकावे पुसून धूसर केलेले. इतरांच्या मेंदूचा डावा भाग मुख्यतः बारकाव्यांच्या फोटोंना जागा झाला, बीडीडीवाल्यांचा धूसर फोटोंनाही, म्हणजे नसलेले बारकावे शोधणं चालूच. आणि चेहरे स्वतःचे नव्हते, परक्यांचे होते. अभ्यास छोटा होता, तरी "नखरे आहेत" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. दृष्ट काढणाऱ्यांनीपण, मीठ-मोहऱ्या फोडणीत जास्त कामाच्या.

म्हणूनच ऑपरेशनने बहुतेकदा भागत नाही, नाक बदलतं, बघणं तेच राहतं.

निदानाला रक्ततपासणी नाही, स्कॅनही नाही, विचारावं लागतं. दिसण्याची काळजी दिवसाला तासाभरापेक्षा जास्त का, कॉलेज, नोकरी, लग्नकार्य टाळता का, आरशात सारखं बघता की आरसाच झाकून ठेवता. लाजेने लोक आपणहून सांगत नाहीत, स्किनवाल्याकडे चकरा मारतात. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का तेही स्पष्ट विचारायचं, या आजारात ते बरेच येतात. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, आणि सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहेच.

औषधं फ्लुओक्सेटिनसारखी, डोस बऱ्याचदा डिप्रेशनपेक्षा जास्त, फरक कळायला १२ आठवडेही लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत "काही होत नाही" म्हणून सोडू नका. सोबत सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायची बोलून करायची थेरपी. त्यात आरशापासून हातभर लांब उभं राहून डोक्यापासून पायापर्यंत स्वतःचं वर्णन करायचं, "केस काळे, खांद्यापर्यंत, भुवया जाड", पण "बेढब", "घाण" असले शब्द वर्ज्य. मग तोंडावर ओढणी न बांधता भाजी आणायला जायचं, आधी पाच मिनिटं, मग जास्त. घरच्यांनाही काम असतं, "आई, नाक वाकडं दिसतंय का गं?" हे दिवसात विसाव्यांदा आलं की "नाही गं, छान आहेस" म्हणायचं हळूहळू बंद करायचं, कारण त्या उत्तराने दहा मिनिटं बरं वाटतं आणि एकविसाव्यांदा विचारायची सवय पक्की होते.