करवंद

करवंद ही भारतीय उपखंडातील मूळची सदाहरित, काटेरी वनस्पती. कुल कण्हेरीचे (ॲपोसायनेसी), शास्त्रीय नाव कॅरिसा करंडास. संस्कृतात करमर्द, हिंदीत करौंदा. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर तिच्या जाळ्या कोणी न लावता माजतात. पान किंवा फळ तोडले की पांढरा चीक येतो. फुले पांढरी, जाईसारखी सुवासिक.

बागेत ती लावली जाते मुख्यतः कुंपणासाठी. काटे जोडीने येतात आणि टणक असतात. जाळी दाट झाली की गुरे आत शिरत नाहीत. बियांची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून पिकल्या फळातले बी काढून, धुऊन लगेच पेरावे. फाटे कलम (फांदीचा तुकडा जमिनीत लावणे) सहज मुळे धरत नाही; चांगल्या झाडाचे गुण टिकवायचे तर पावसाळ्यात गुटी बांधतात, म्हणजे झाडावरच्याच फांदीची साल काढून तिथे ओले शेवाळ बांधून मुळे फुटू देतात. कुंपणाला रोपे हात-दीड हातावर लावावीत, फळांसाठी दोन-अडीच मीटरवर. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात आहे.

मुरमाड, खडकाळ जमीन चालते. पाणी साचलेले चालत नाही. पहिली एक-दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे, पुढे हात आखडता घ्यावा. खरा घोळ इथेच होतो. लाडाने खतपाणी घातलेली करवंद पानोपानी फोफावते आणि फळांना मुकते. कात्रीने वरचेवर चौकोनी छाटलेल्या कुंपणाचेही तेच, कारण फुलांचे गुच्छ फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात. छाटायचेच तर फळे संपल्यावर, तेही जाड चामडी हातमोजे घालून.

रोपाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरते. हिरवी, आंबट करवंदे लोणच्याला आणि चटणीला. चिरल्यावर मिठाच्या पाण्यात ठेवली की चीक निघून जातो. पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा घटक) भरपूर असल्याने जेली छान आळते. उत्तरेकडची गुलाबी-पांढरी जात पाकवून, रंगवून केकवरची ‘चेरी’ म्हणून खपते, हे अनेकांना ठाऊक नसते. एप्रिल-मेमध्ये फळ काळेभोर होते आणि ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून पानांच्या द्रोणांतून विकले जाते. मुले ते फोडून पाहतात: आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी. वळवाचा जोरदार पाऊस झाला की फळांत अळ्या पडतात, म्हणून जाणती माणसे त्याआधीच जाळी रिकामी करतात.